वाट सांगणारा पत्ता

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मिरजेला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या डाकडब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, हे त्यांचं काम. कुठल्या गावची डाक कुठल्या पिशवीत, कुठली पिशवी कुठल्या स्टेशनवर उतरवायची, ही यादी त्यांना तोंडपाठ होती. गाडीची वेळ बदलली, एखाद्या गावाला नवी एस.टी. सुरू झाली की यादी बदलायची. "नवं पाठ करायला काही लागत नाही ग, जुनं डोक्यातून जात नाही," असं ते म्हणायचे. पुढे मी संगणकाच्या क्षेत्रात गेले आणि एका निराळ्याच डाकेच्या अशाच यादीतल्या चार ओळी सांभाळायची वेळ माझ्यावर आली. त्यातली एक ओळ मी चुकीची लिहिली. त्या यादीची आणि त्या चुकीची ही हकिकत.

१९८३ साली पुढच्या शिक्षणासाठी मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका विद्यापीठात गेले. खर्च भागावा म्हणून विभागाच्या संगणकाची देखभाल करण्याचं अर्धवेळ काम पत्करलं. व्हॅक्स जातीचा तो संगणक कपाटाएवढा होता आणि त्याच्या खोलीत उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून बसावं लागे. आजच्या इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट तेव्हा सुरू होता, पण त्यात शिरायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामाशी काहीतरी संबंध असावा लागे. आमचा नव्हता. आमच्यासारख्या बाकीच्यांसाठी होती ती यूयूसीपी नावाची सोय. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रोग्राम लिहिला आणि १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पोहोचला. काम अगदी साधं. एक संगणक मोडेमवरून दुसऱ्याला साधा टेलिफोन लावतो, ओळख पटवतो, साठलेल्या फायली देतो, त्याच्याकडच्या घेतो आणि फोन ठेवून देतो. स्वतंत्र तारा नाहीत, मुख्य कार्यालय नाही, वर्गणी नाही. फोनचं बिल ज्यानं फोन केला त्याचं.

आता समजा, मला अ‍ॅमस्टरडॅमच्या कुणाला पत्र पाठवायचंय. माझा संगणक अ‍ॅमस्टरडॅमला फोन करणार नाही. तेवढे पैसे कुणाकडे होते? तो शेजारच्या शहरातल्या संगणकाला पत्र देणार, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. आपल्याकडे नाही का, सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे पुडकं द्यायचं, स्टँडवरच्या पानवाल्याला निरोप ठेवायचा आणि संध्याकाळी वाडीवरचा कुणी येऊन ते घेऊन जायचा? तसंच. फरक एवढाच की इथे सगळे टप्पे पाठवणाऱ्यानं आधीच लिहून द्यायचे. पत्ता लिहायची रीत अशी: आधी पहिल्या संगणकाचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग दुसऱ्याचं नाव, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि शेवटी माणसाचं नाव. उदाहरणार्थ, 'डेकव्हॅक्स!एमसीव्हॅक्स!जान'. डेकव्हॅक्स हे डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचं यंत्र आणि एमसीव्हॅक्स हे अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्राचं. उद्गारचिन्हाला अमेरिकेतली संगणकाची मंडळी 'बँग' म्हणत.

इथेच एक घोटाळा आहे. 'डेकव्हॅक्स!एमसीव्हॅक्स!जान' हा जानचा पत्ता नव्हे. ती वाट आहे, आणि तीसुद्धा डेकव्हॅक्सच्या शेजारी उभं असणाऱ्याची. "पिंपळापासून डावीकडे वळा" हे पिंपळ कुठे आहे ते माहीत असणाऱ्यालाच सांगून उपयोग. त्यामुळे लोक पत्राखाली सही करताना महिरपी कंसात तीन-चार प्रसिद्ध यंत्रांची नावं द्यायचे, म्हणजे यांपैकी कुणापर्यंत तरी तुम्ही पोहोचा, पुढची वाट मी सांगतो. बेल लॅब्जचं शिकागोजवळचं आयएचएनपी४, बर्कलीचं यूसीबीव्हॅक्स, डेकव्हॅक्स ही त्या काळातली मिरज-मनमाड जंक्शनं. त्यांच्यावरून दुसऱ्यांची किती डाक फुकट गेली असेल आणि त्याचं बिल त्या संस्थांनी किती मुकाट्यानं भरलं असेल!

वाट खोटी लिहिणंही अवघड नव्हतं. १ एप्रिल १९८४ रोजी यूजनेट या चर्चेच्या जाळ्यावर एक पत्र आलं. सोव्हिएत संघ यूजनेटमध्ये सामील होत आहे, अशी त्यात घोषणा होती आणि पाठवणाऱ्याच्या वाटेचा शेवट 'क्रेमव्हॅक्स!चेर्नेन्को' असा होता. कॉन्स्तान्तिन चेर्नेन्को तेव्हा सोव्हिएत पक्षाचे सरचिटणीस होते. तारीख दिसत असूनही कितीतरी जणांनी विश्वास ठेवला, कारण वाट बरोबर दिसत होती. ते एप्रिल फूल अ‍ॅमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांनी केलं होतं. पुढे १९९०च्या सुमारास मॉस्कोचे संगणक खरोखरच जाळ्याला जोडले गेले, तेव्हा तिथल्या मंडळींनी एका यंत्राचं नाव हौसेनं क्रेमव्हॅक्स ठेवलं.

तर प्रत्येकानं वाट डोक्यात ठेवायची, हे पन्नास-शंभर यंत्रं होती तोवर चाललं. सुरुवातीचे नकाशे खरोखरच चित्रं होती: अधिकची, वजाची चिन्हं आणि उभ्या रेघा टंकून काढलेली, मध्ये यंत्रांची नावं. १९८६च्या सुमारास यंत्रं पाच हजारांच्या पुढे गेली होती आणि त्यांच्यामधल्या जोडण्या वीस हजारांच्या आसपास. एवढं चित्र काढणार कोण आणि बघणार कोण? म्हणून मेरी अ‍ॅन हॉर्टन यांच्या पुढाकारानं यूयूसीपीच्या नकाशाचा उपक्रम उभा राहिला होता. नकाशा म्हटलं तरी त्यात रेघ एकही नव्हती. देश आणि राज्यवार केलेल्या मजकुराच्या फायली होत्या त्या. प्रत्येक यंत्रानं स्वतःची नोंद स्वतः लिहायची आणि आपल्या भागाच्या समन्वयकाकडे पाठवायची. समन्वयक म्हणजे कुठल्यातरी विद्यापीठात किंवा कंपनीत दुसरीच नोकरी करून हे काम फावल्या वेळात करणारा माणूस. तो नोंदी तपासणार, एकत्र करणार, आणि सगळा नकाशा दर महिन्याला यूजनेटवरून सर्वांकडे जाणार.

नोंदीत काय असे? यंत्राचं नाव, त्याची जात, संस्था, जबाबदार माणसाचं नाव, त्याचा फोन, टपालाचा पत्ता, अक्षांश-रेखांशसुद्धा. ते मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अ‍ॅटलासवर पट्टी ठेवून काढल्याचं आठवतं. मग शेवटची दुरुस्ती कुणी आणि कधी केली, ती ओळ. आणि त्याखाली खरा ऐवज: हे यंत्र कुणाकुणाला फोन करतं आणि किती वेळा.

'किती वेळा' हे महत्त्वाचं. नकाशावरून वाट काढणारा पाथएलियस नावाचा प्रोग्राम स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनीमन यांनी लिहिला होता. तो प्रत्येक जोडणीला एक किंमत लावी. ही किंमत डॉलरमध्ये नव्हे. डाक किती खोळंबेल त्याचा तो अंदाज. लागेल तेव्हा फोन करणारी जोडणी ३००, तासातासानं करणारी ५००, फक्त संध्याकाळनंतर स्वस्त दरात करणारी १८००, दिवसातून एकदा ५०००, आठवड्यातून कधीतरी ३००००. किमतींची बेरीज करून सगळ्यांत स्वस्त वाट निवडायची. चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आलं असेल की दिवसाचे तास २४, पण रोजच्या जोडणीची किंमत तासाच्या जोडणीच्या दहापटच आहे. ते मुद्दाम होतं. हातबदल जितके जास्त तितकी पत्र हरवायची भीती जास्त. म्हणून वेळ थोडा जास्त लागला तरी टप्पे कमी असलेली वाट बरी, असा लेखकांचा हिशेब. अण्णांना हे पत्रातून कळवलं तेव्हा त्यांना ते फार पटलं. पिशवी जितक्या वेळा प्लॅटफॉर्मवर उतरते तितक्या वेळा ती चुकते, असं त्यांनी उलट टपाली लिहिलं.

पाथएलियसचं उत्तर म्हणजे चक्क सॉर्टिंगची यादी: अमुक यंत्राची डाक द्यायची तर अमुक वाट. प्रत्येक संस्था आपल्या जागेवरून ती यादी आपल्यापुरती काढून घेई. नकाशा एकच, पण याद्या प्रत्येकाच्या वेगळ्या. नावांचा मात्र गोंधळ असे. जुन्या यंत्रांना नावाची पहिली सहा-सात अक्षरंच कळत, आणि त्यांत ज्याला त्याला टोल्किनच्या कादंबऱ्यांतली नावं हवी असत. दोन विद्यापीठांत दोन बिल्बो निघाले की एकाची डाक दुसऱ्याच्या दारात. मग समन्वयकानं दोघांना विनंत्या करायच्या. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नव्हताच.

आता माझी चूक. १९८६च्या फेब्रुवारीत आमच्या नोंदीची दुरुस्ती मी केली. आमचं यंत्र कॅलिफोर्नियातल्या एका यंत्राला लांब पल्ल्याचा फोन करी, पण रात्री ११ नंतरच, कारण तेव्हा दर उतरत. म्हणजे किंमत लिहायची १८००. मी लिहिली 'लागेल तेव्हा', म्हणजे ३००. रात्री का होईना, लागेल तितके फोन करतोच की, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे आपलं यंत्र नकाशात जरा वजनदार दिसावं ही हौस त्यात जास्त होती. आता हिशेब बघा. आमच्या तासातासाच्या शेजाऱ्याला कॅलिफोर्नियाकडे डाक पाठवायची. त्याची नेहमीची वाट तीन टप्प्यांची, प्रत्येकी ५००, एकूण १५००. आमच्यावरून खरी किंमत ५०० अधिक १८००, म्हणजे २३००; तो आमच्याकडे कशाला वळेल? पण माझ्या ओळीप्रमाणे ५०० अधिक ३००, म्हणजे ८००. पुढच्या महिन्याचा नकाशा निघाला, ज्यानं त्यानं पाथएलियस चालवला, आणि कधी नाव न ऐकलेल्या यंत्रांची डाक आमच्या दारात येऊन पडायला लागली.

आमचा मोडेम सेकंदाला १२० अक्षरं पाठवणारा. रात्र पुरेना. राहिलेली डाक दुसऱ्या दिवशीच्या डाकेखाली साठत गेली आणि एप्रिलमध्ये एका सकाळी डिस्कच भरली. त्यानंतर आमच्याच प्राध्यापकांची पत्रंही बाहेर जाईनात. त्याच आठवड्यात फोनचं बिल आलं, नेहमीच्या तिप्पट. विभागप्रमुखांनी मला बोलावून बिल समोर ठेवलं आणि काही विचारलं नाही, फक्त माझ्याकडे बघत बसले. पण त्याहून लागलं ते वेगळंच. वायव्येकडच्या एका संशोधकाचं मला पत्र आलं, नोंदीत जबाबदार म्हणून माझंच नाव होतं ना! त्याच्या निबंधाचा गोषवारा परिषदेच्या संयोजकांकडे ९ दिवसांनी पोहोचला होता, मुदत संपल्यावर. प्रत्येक यंत्र पत्रावर आपला शिक्का उमटवतं; त्यावरून त्यानं शोधून काढलं होतं की ९पैकी ६ दिवस पत्र आमच्या यंत्रात पडून होतं. आरडाओरडा नव्हता. तुमच्या नकाशातली अमुक ओळ बरोबर आहे का, एवढंच विचारलं होतं. मी त्याला जे खरं ते लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

त्याच दिवशी मी दुरुस्ती पाठवली. संध्याकाळी समन्वयकाचा फोन आला. अशा माणसाचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. मागे लहान मूल रडत होतं, म्हणजे घरूनच बोलत असावा. त्यानं शांतपणे सांगितलं की दुरुस्ती पुढच्या नकाशात जाईल, पण जुना नकाशा काही त्याला परत मागवता येणार नाही. कुणी यादी दर महिन्याला नवी काढतं, कुणी सहा महिन्यांतून एकदा, कुणी ती काढणारा माणूस सोडून गेल्यापासून कधीच नाही. तसंच झालं. दिवाळी आली तरी माझ्या ३००वर विसंबून कुणीतरी आमच्याकडे डाक टाकतच होतं. जुनं डोक्यातून जात नाही, ते हे.

त्यात एक विनोदी भरही पडली. जाणती मंडळी आमचं यंत्र टाळून हातानं दुसरी वाट लिहायला लागली होती. पण काही यंत्रं अतिहुशार होती. पाठवणाऱ्यानं लिहिलेली वाट ती खोडायची आणि आपल्या यादीतली 'स्वस्त' वाट घालायची. म्हणजे माणूस मुद्दाम वळसा घेतोय, आणि मधला रिक्षावाला त्याला पुन्हा त्याच खड्ड्यातल्या रस्त्यानं नेतोय! यावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले. नकाशा आहे तर तो वापरायचा नाही का, असं एक बाजू म्हणे. माझं मत त्या उन्हाळ्यात पक्कं झालं आणि आजही तेच आहे: ज्यानं वाट स्पष्ट लिहिली, त्याला काहीतरी ठाऊक असेल असं धरावं. नकाशात काय असतं? कुणीतरी कधीतरी स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. ते तपासायला कुणी प्रत्येकाच्या मोडेमशेजारी बसलेलं नसतं.

या साऱ्यातून सुटका झाली ती पत्त्याचीच कल्पना बदलली म्हणून. १९८३पासून डोमेन नावांची पद्धत आकार घेत होती. 'अमुक माणूस, अमुक संस्थेतला' एवढंच लिहायचं, वाट लिहायचीच नाही. १९८६च्या जानेवारीत आणखी एक सोय निघाली: एखादी संस्था इंटरनेटला थेट जोडलेली नसली तरी तिच्या नावापुढे "हिची डाक अमक्याकडे द्या" अशी नोंद करता येऊ लागली. त्यामुळे फोनवरून चालणाऱ्या गरीब यंत्रालाही कायमचा, कुठूनही एकसारखा पत्ता मिळाला. सगळ्या जगाचा नकाशा प्रत्येकाकडे असायचं कारण उरलं नाही. कुणाला विचारायचं एवढं माहीत असलं की झालं. सुट्टीत घरी आले होते तेव्हा अण्णांना हे समजावत होते. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पिन कोड आला म्हण की." १५ ऑगस्ट १९७२ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून आपल्याकडे पिन कोड सुरू झाला तेव्हाची आठवण त्यांना होती. ४१६४१० हा आकडा मिरज कुठे आहे ते सांगतो, मिरजेला कसं जायचं ते सांगत नाही. जायचं कसं, ते ज्या त्या सॉर्टरनं आपल्या जागेवरून बघायचं.

मी १९८९मध्ये मुंबईला परत आले. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात आपल्याकडेही यूयूसीपीच्या डाकेनंच झाली होती. १९९१च्या जानेवारीत दिल्ली-मुंबई पहिली भाड्याची लाइन आली, सेकंदाला ९६०० बिटांची, म्हणजे बाराशेच्या आसपास अक्षरांची. परदेशाची डाक जुहूच्या एनसीएसटीतून जाई. तिथल्या यंत्राचं नाव शक्ती. अमेरिकेतून भारतात येणारी कितीतरी पत्रं 'यूयूनेट!शक्ती!' अशी वाट लिहून येत. एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत ६४ हजार बिटांची इंटरनेटची लाइन यायला १९९२ उजाडलं, आणि सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला. तोवर प्रत्येक अक्षर मोजूनमापून पाठवायची सवय आम्हाला होती. पत्राबरोबर फोटो जोडणाऱ्यांचा मला अजूनही जरा राग येतो, तो त्यामुळेच.

१९९१ साली एका मित्रानं अमेरिकेहून आणलेल्या टेपवर नकाशाच्या फायली होत्या. सहज म्हणून आमच्या जुन्या राज्याची फाइल उघडली. नोंद जशीच्या तशी होती. ते कपाटाएवढं यंत्र मी निघण्याआधीच भंगारात गेलं होतं, पण नकाशात ते रोज रात्री कॅलिफोर्नियाला फोन करत होतं. जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव, त्या थंड खोलीतला फोन नंबर, मी पट्टीनं मोजलेले अक्षांश-रेखांश आणि शेवटची दुरुस्ती: एप्रिल १९८६. यंत्र बंद झाल्याचं कळवायचं काम माझं होतं आणि निघायच्या धांदलीत ते राहून गेलं होतं. त्या रात्री समन्वयकाला पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: नोंद काढली आहे, दोन वर्षांपूर्वी कळवलं असतंत तर बरं झालं असतं.